दगडाखालचा कोळसा

“काका, पोल सरळ धरा. बुडबुडा मधोमध आणा.”

मी बुडबुडा मधोमध आणला. पोलला छातीच्या उंचीवर एक काचेची डबी असते, तिच्यात हरभऱ्याएवढा बुडबुडा. तो मधल्या गोलात आला की पोल सरळ. पोलच्या शेंड्याला एक पांढरं टोपण, त्याला रोव्हर म्हणतात. ते वर फिरणाऱ्या उपग्रहांशी बोलतं आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत ते पंकजा मॅडमच्या हातातल्या टॅबला सांगतं. मला काही सांगत नाही. माझं काम बुडबुड्यापुरतं.

मोजणी खात्यात पस्तीस वर्षं झाली. शिपाई म्हणून लागलो, शिपाई म्हणूनच या महिनाअखेरीला सुटणार. आधी साखळीचं टोक धरलं, मग तिपाईवरच्या मशीनसमोर आरसा धरला, आता पोल धरतो. बायको म्हणायची, “तुमी जल्मभर दुसऱ्याच्या रानात हुबं ऱ्हायलात.” खोटं नव्हतं. तिला जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. जेवतो, झोपतो, बुडबुडा मधोमध आणतो.

पण आजचं रान दुसऱ्याचं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, भिमाआक्काचं होतं.

आदल्या दिवशी ऑफिसात मी मॅडमला सांगून बघितलं होतं. “मॅडम, अर्ज गोरक्षचा हाय, पन त्येच्या शेजारची खातेदार माजी सख्खी बहीण. मला नका नेऊ उद्या. नात्यातल्या मानसानं जाऊ नये, अशी रीत हाय.”

मॅडम हसल्या. तिशीतली पोरगी, स्वभावानं लाख. डबा उघडला की आधी माझ्यापुढं सरकवते. म्हणाल्या, “काका, मोजणार उपग्रह. तुम्ही नुसता पोल धरायचाय. उपग्रहाला काय माहीत, तुमची बहीण कोण आणि मेव्हणा कोण?”

उपग्रहाला ना भूक, ना बहीण. सकाळी मी गाडीत पोल टाकला.

आक्काचं सासर पारनेरच्या वरच्या अंगाला, माळावर. पावसाच्या भरवशाचं रान, बाजरी, मटकी, कधी जमलं तर कांदा. दोन वर्षांपूर्वी तिथं कंपनी आली आणि माळाच्या डोक्यावर चार पांढऱ्या ताटल्या उभ्या राहिल्या. एकेक ताटली घरापेक्षा मोठी. वरून उपग्रह गेला की त्याचं बोलणं उतरवून घ्यायचं, असं त्यांचं काम. गाव त्यांना ताटलीवाले म्हणतं. आक्काचा मुलगा सम्राट तिथंच लागला. आधी ताटल्यांवरची कबुतरांची घाण धुवायचा, मग त्यांनी शिकवलं, आता आत गारव्यात बसून पडद्याकडं बघतो. उपग्रहांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला एस.टी.पेक्षा पक्क्या पाठ.

मी उगाच नावं ठेवणार नाही, गाव सुधारलं. रस्ता झाला. गेल्या मार्चात गारा पडायच्या आदल्या दिवशी फोनवर निरोप आला आणि लोकांनी काढलेला कांदा झाकून घेतला. पुण्याला गेलेल्या दोन पोरी परत आल्या, त्याच ताटल्यांखाली नोकरीला. आता कंपनीला आणखी चार ताटल्या बसवायच्या होत्या आणि त्यासाठी गोरक्षचं रान भाड्यानं हवं होतं. अट एकच. हद्द उपग्रहानं मोजलेली पाहिजे, पुढं भांडण नको. म्हणून गोरक्षनं मोजणी लावली. गोरक्ष वाईट माणूस नाही. आक्काच्या बांधाला बांध असून त्यानं कधी बांध कोरला नाही, आणि आमच्याकडं एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आम्ही पश्चिमेच्या शिवेवरच्या दगडापासून सुरुवात केली. तिथून पूर्वेकडं आक्काचं रान, त्याच्यापुढं गोरक्षचं. मी चालायचं, थांबायचं, बुडबुडा बघायचा. टॅब ‘फिक्स’ म्हणाला की पुढं. पूर्वी या कामाला दोन दिवस लागायचे आणि दोन वेळचं जेवण. आता तासाभरात उरकतं, घरी जाऊन चहा.

आक्का विहिरीच्या काठावर बसली होती. सत्तरीची, अंगानं चिपाड. माझ्याकडं बघून तिनं ओळख दाखवली नाही. चारचौघांत भाऊ म्हटलं तर भावाच्या नोकरीला बट्टा लागेल, अशी तिची समजूत. शेजारी तिची शेळी, जमिनीत ठोकलेल्या एका लोखंडी सळईला बांधलेली. सळईच्या डोक्याला कडी आहे, दावं बांधायला सोयीची. त्या सळईकडं मी बघितलं नाही. बत्तीस वर्षं मी तिच्याकडं बघत नाही.

हद्दीचा दगड विहिरीच्या पलीकडं तीन पावलांवर. तिथं गोरक्ष आणि त्याचा चुलतभाऊ आसाराम उभे होते. मला वाटलं, विहीर ओलांडून तिकडं जायचं.

“थांबा काका,” मॅडम टॅबकडं बघत म्हणाल्या. “अजून एक मीटर. डावीकडं थोडं. बस, थांबा.”

मी थांबलो. विहीर माझ्यापुढं होती. अजून यायचीच होती.

“जुन्या नकाशाप्रमाणं हद्द इथं येते,” मॅडम म्हणाल्या.

शेळी ओरडली.

“हितं?” आसाराम दगडापासून चालत आला. “आन् मंग दगड तकडं कसा?”

मॅडमनी पुन्हा घेतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग मला दगडावर पोल धरायला लावला आणि मधलं अंतर काढलं. “दहा मीटर सहा सेंटिमीटर,” त्या म्हणाल्या.

मॅडम मीटरात शिकल्या. मी फुटांत. दहा मीटर सहा म्हणजे तेहतीस फूट. तेहतीस फूट म्हणजे एक साखळी. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही, नेमकी एक साखळी. कुणी दगड सरकवतो तेव्हा चार फूट सरकवतो, नऊ फूट सरकवतो, अंदाजानं. मोजून एक साखळी कुणी सरकवत नाही.

मला तिथल्या तिथं कळलं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं.

“सरळ हाय,” आसाराम म्हणाला. “दगड सरकवलाय. विहीर पाडायची हुती ना, म्हून सरकवला. आमचं पाच गुंठं रान बत्तीस वरीस खाल्लं बाईनं.”

“आसाराम, गप ऱ्हा की जरा,” गोरक्ष म्हणाला.

“का गप? वरून दिसलं ना आता! आपल्या डोळ्यांना न्हाई दिसलं, उपग्रहाला दिसलं.”

आक्का उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. “म्या सरकवला दगड?”

“तू न्हाई तर तुज्या नवऱ्यानं. त्यो काय आता सांगाया येतोय?”

“आसाराम, बाराच्या दुस्काळात तुजी आई हितं कळश्या भरत हुती. सगळं गाव भरत हुतं. तवा कुनी इचारलं का, दगड कुठं हाय म्हून?”

“पान्याचं निराळं, जागंचं निराळं. चोरी ती चोरीच.”

चोरी म्हटल्यावर आक्का पुन्हा खाली बसली. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

इथं मला त्या विहिरीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, विहिरीत काय एवढं. बहात्तरच्या दुष्काळात आक्का लग्न होऊन या गावात आली. आमच्या वस्तीला गावच्या विहिरीवर चढायला मनाई. कळशी घेऊन बाजूला उभं राहायचं, वरच्या आळीतल्या कुणालातरी दया येईपर्यंत, आणि त्यानं वरून ओतेपर्यंत. कधी अर्धा तास, कधी सकाळ जायची. कायदा कधीच झाला होता, पण कायदा काय पाणी शेंदून देतो? तिच्या सासरच्यांची जुन्या वतनातली दोन एकर तेवढी राहिली होती. तिथं आपली विहीर पाडायची, एवढं एकच दाजींच्या डोक्यात. दाजी म्हणजे तिचे मालक. तीन उन्हाळे त्यांनी आणि तिनं मिळून खोदली. चौथ्या वर्षी पाणी लागलं तेव्हा बाईनं त्यात पाय सोडून अख्खा दिवस बसून काढला. दाजी पुढं चार वर्षांनी काविळीनं गेले. आणि दोन हजार बाराला गावच्या विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा अख्खं गाव तिच्या काठावर आलं. तिनं कुणाला उभं ठेवलं नाही. ज्यांनी ओतलं होतं त्यांनाही नाही आणि ज्यांनी ओतलं नव्हतं त्यांनाही नाही.

“भिमाबाई,” गोरक्ष खाली बघत म्हणाला, “मला काय विहिरीचा लोभ न्हाई. पन कंपनी म्हनती, कुंपनाच्या आत उघडी विहीर नको. त्ये बुजवनार.”

मॅडम माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “काका, मला वाईट वाटतंय. पण पंचनाम्यात लिहावं लागेल, हद्दीचा दगड मूळ जागी आढळला नाही.”

“त्येचा अर्थ, कुनीतरी सरकवला.”

“अर्थ मी काढत नाही. जे दिसतं ते लिहिते.”

विहीर गेलीच होती. उपग्रह काही खोटं सांगत नव्हता. आक्काचं नाव तेवढं शिल्लक होतं. ते वाचवायचं की घालवायचं हे माझ्या जिभेवर होतं आणि माझी जीभ हलत नव्हती. मी पोल धरून उभा होतो. बुडबुडा मधोमध होता. सवयीनं.

त्र्याण्णव सालची गोष्ट. मी नोकरीला लागून तीन वर्षं झालेली. विहिरीच्या कागदांसाठी दाजींनी मोजणी लावली आणि काम आमच्याकडं आलं. साहेब झाडाखाली नकाशा काढत बसलेले. साखळी ओढायला पुढं यशया काका आणि मागं मी. यशया काका राहात्याकडचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, खात्यातले सगळ्यात जुने. मला त्यांनीच तयार केलं.

साखळीचं काम असं असतं. पुढच्यानं साखळी ताणायची आणि टोकाशी सळई रोवायची. मागच्यानं तिथवर यायचं, टोक धरायचं, पुढची सळई रोवली की ही उपटून हातात घ्यायची. मागच्याच्या हातात जितक्या सळ्या, तितक्या साखळ्या झाल्या. सळ्या एकूण दहा; दहा भरल्या की त्या पुढच्याला परत द्यायच्या आणि दहाचा एक फेरा ध्यानात ठेवायचा. शेवटी दोघांनी आपापल्या हातातल्या सळ्या जुळवायच्या, मगच दगड रोवायचा. जुळवल्याशिवाय दगड नाही, हा काकांचा नियम.

त्या दिवशी बारा साखळ्या झाल्या आणि आक्का पाटी घेऊन आली. बाजरीच्या भाकरी, मटकीचं कालवण, कांदा. सोबत कडेवर सम्राट, तेव्हा तो बोट धरून चालायला लागलेला. “आधी खा रे, मग मोजा. रान काय पळून जातंय?” असं म्हणत तिनं आम्हाला बसवलं. साहेबसुद्धा बसले. मी भाच्याला खांद्यावर घेतलं. जेवून उठलो तेव्हाही तो खांद्यावरच होता. काकांनी पुढची सळई रोवली आणि मी चालू लागलो. मागची सळई ज्वारीच्या धसकटांत तशीच राहिली. उपटलीच नाही.

शेवटी काकांनी विचारलं, “किती रं?”

“सोळा,” मी म्हणालो. दहाचा एक फेरा झालेला, हातात सहा होत्या.

काकांनी जुळवायला हात पुढं केला, तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली आणि काका हसून म्हणाले, “जाऊ दे. बहिनीच्या रानात कसला ताळा घ्यायचा?” दगड रोवला. सोळाव्या साखळीचा दगड सतराव्या साखळीवर.

संध्याकाळी ऑफिसात सामान जमा करताना सळ्या नऊ भरल्या. काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “वाटंत पडली वाटतं.” ते म्हणाले, “वाटंत?” मी म्हणालो, “व्हय.” ते म्हणाले, “मंग बरं.” दुसऱ्या दिवशी मी लोहाराकडून नवी करून आणली.

पंधरवड्यानं आक्काकडं गेलो तर शेळी त्या सळईला बांधलेली. आक्का म्हणाली, “दाजींना नांगरताना घावली. तुमची का रं ही?”

“न्हाई,” मी म्हणालो.

का म्हणालो? कारण त्याच दिवशी पाणाड्या येऊन गेला होता, हातावर नारळ उभा राहिला होता आणि दाजींनी नेमका तिथंच, दगडाच्या अलीकडं, चुन्यानं विहिरीचा गोल मारला होता. दोघं इतके खुशीत होते. मी मनात म्हटलं, उद्या सांगू. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा फूट झाली, तेव्हा म्हटलं, पाणी नाही लागलं तर सांगायची गरजच पडणार नाही. पाणी लागलं. पाणी लागल्यावर कोण सांगतो? यशया काका वारले, साहेब वारले, दाजी वारले. मग मला वाटायला लागलं, असं काही झालंच नव्हतं. मला माझी शरम वाटायची, तीही हळूहळू वाटेनाशी झाली.

“काका?” मॅडमनी हाक मारली. “सही लागेल तुमची.”

“मॅडम,” मी म्हणालो, “लिवायच्या आधी दगड उपटायचा. टिकाव हाय गाडीत.”

“कशाला?”

“खाली कोळसा हाय का बघाया.”

मॅडमना माहीत नव्हतं. आता कुणालाच माहीत नसतं. हद्दीचा दगड रोवताना खड्ड्यात आधी पाटीभर कोळसा टाकायचा, त्याच्यावर दगड. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, कोळसा मातीत शंभर वर्षं तसाच राहतो. कुणी दगड उपटून दुसरीकडं रोवला तरी कोळसा काही उचलून नेत नाही. दगड खरा की खोटा ते कोळसा सांगतो. यशया काका एकही दगड कोळशाशिवाय रोवत नसत. बिनकोळशाचा दगड म्हणजे बिनबापाचं पोर, म्हणायचे.

आसाराम म्हणाला, “बघा की. सापडतोय का कोळसा ते बघाच!”

दगड रोवला त्या दिवशी कोळसा आक्काच्याच चुलीतून आला होता. तिला आठवत होतं की नाही, कळलं नाही.

दगड अर्धा पुरलेला. टिकाव मी मारला, पहार गोरक्षनं लावली. तास गेला. दगड आडवा झाला आणि खाली नुसती पांढरी माती दिसली. आसाराम हसला. मी गुडघे टेकले आणि हातानं माती उकरायला लागलो. वीतभर गेलं. बोटांना माती लागत होती ते दिसत होतं, जाणवत नव्हतं. मग हात काळे झाले. आधी चुरा निघाला, मग अंगठ्याएवढे खडे, मग ओंजळभर. बाभळीचा कोळसा, काल विझवल्यासारखा.

“हाय,” गोरक्ष म्हणाला. “हाय की कोळसा!”

मॅडमनी फोटो काढले. “म्हणजे दगड सरकवलेला नाही. पहिल्यापासून इथंच होता.” मग त्या थांबल्या. “मग चुकलं कुणाचं?”

वर माळावर चारही ताटल्या एकदम वळायला लागल्या. आवाज नाही, काही नाही. कुठलातरी उपग्रह येत असणार. सम्राट आत बसून बघत असणार.

मी शेळीकडं गेलो. दावं सोडून तिला बाभळीला बांधलं आणि सळई उपटली. घट्ट बसली होती, दोन्ही हात लावावे लागले. ती मॅडमपुढं धरली.

“ही मोजणीची सळई हाय, मॅडम. साखळीच्या येळची. अशा दहा असायच्या. ही मी रानात इसरलो. एक सळई म्हनजे एक साखळी. तुमचं दहा मीटर सहा ते हेच.”

“काका, तुमच्या लक्षात कधी आलं?”

“त्याच संध्याकाळी.”

मॅडमनी टॅब खाली केला. “काका, निवृत्तीला वीस दिवस राहिलेत तुमचे. हे मी लिहिलं तर चौकशी लागेल. जुनी चूक म्हणून नुसतं...”

“लिवा,” मी म्हणालो. “दगड कुनीबी हलवलेला न्हाई, असं आधी लिवा. ठळक लिवा. मंग माजं नाव लिवा.”

मी सही केली. हात काळे होते, कागदावर अंगठ्याचा डागही उठला. गोरक्षनं सही केली. आसारामनं इकडंतिकडं बघितलं आणि केली. “मला काय ठावं,” एवढं तो पुटपुटला, पण आक्काकडं बघून नाही.

मग आक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आज पहिल्यांदाच.

“म्या इचारलं हुतं तुला,” ती म्हणाली.

“व्हय.”

“तू न्हाई म्हनलास.”

“व्हय, आक्का.”

“तुज्या दाजीचं हात फुटलं हुतं खांदून. रगात यायचं. तू यायचास, बसायचास, माज्या हातची भाकर खायाचास.”

तिनं शिव्या दिल्या असत्या, ती सळई घेऊन पाठीत घातली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. ती वळली आणि घराकडं चालू लागली. घर जवळच आहे, पन्नास पावलांवर. ती आत गेली आणि मला वाटलं, आता ही माझं तोंडही बघणार नाही.

काम तर पुरं करायला पाहिजे होतं. उपग्रहानं दाखवलेल्या जागी, विहिरीच्या अलीकडं, मी नव्या दगडासाठी खड्डा घेतला. गोरक्ष मदतीला आला. “ऱ्हाऊ द्या, मी करतो,” मी म्हणालो. तो तरी उभाच राहिला. मध्येच म्हणाला, “मी सांगून बघतो कंपनीला. जाळी लावा म्हनावं विहिरीला.” ते ऐकणार नाहीत हे त्यालाही माहीत होतं.

हातभर खड्डा झाला. दगड उचलायला वाकलो तर समोर आक्का उभी. डोक्यावर पाटी. पाटीत कोळसा. चुलीतला जुना, काही अर्धे जळलेले तुकडे, काही निखारे आत्ताच पाणी मारून विझवलेले, त्यांची वाफ निघत होती.

“आजकाल कोळसा टाकत नाहीत, आजी,” मॅडम म्हणाल्या. “गरज नसते. उपग्रहात जागा नोंदलेली असते, कधीही काढता येते.”

“आसू द्या,” आक्का म्हणाली. “तुमचं वर आसंल. आमचं खाली आसू द्या.”

तिनं पाटी खड्ड्यात रिकामी केली. खाली बसून हातानं कोळसा सारखा केला, कोपऱ्याकोपऱ्यात दाबून बसवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “ठिव आता दगड. नीट ठिव. उद्या कुनी म्हनाया नको, बाईनं सरकवला.”

मी दगड ठेवला. सरळ आहे का ते डोळ्यानं बघितलं. माती लोटली, पायानं चोपली. आता विहीर दगडाच्या पलीकडं होती. ताटल्या पुन्हा जागेवर आल्या होत्या. मॅडमनी शेवटचा फोटो काढला आणि सामान गाडीत भरायला लागल्या. आसाराम केव्हा गेला ते कळलं नाही.

आक्काचे हात कोपरापर्यंत काळे. ती सवयीनं विहिरीकडं गेली, काठावरचा पोहरा उचलला, दोराचा वेढा सोडला. पोहरा आत सोडणार तेवढ्यात थांबली. मागं वळून नव्या दगडाकडं बघितलं. मग गोरक्षकडं.

“गोरक्ष,” ती म्हणाली, “हात धुयापुरतं पानी घिऊ का?”

गोरक्षनं टोपी काढली. आक्का पोहरा हातात घेऊन बाजूला उभी राहिली, कुणीतरी घे म्हणेपर्यंत.